पिचर पारखताना स्पिन रेट कसा वाचायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत मुलांना बेसबॉलला घातलेले मराठी पालक, दर जुलैत ड्राफ्टच्या (संघ नवे खेळाडू फेरीफेरीने निवडतात त्या प्रक्रियेच्या) याद्या चाळणारे चाहते आणि क्रिकेट बघत वाढलेले, आता बेसबॉलची गोडी लागलेले वाचक या सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी मुळातले प्रश्न आहेत, मग अडचणीचे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. 'प्रॉस्पेक्ट' म्हणजे मेजर लीगपर्यंत, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगपर्यंत, पोचेल अशी आशा असलेला तरुण खेळाडू, मग तो हायस्कूलचा असो, कॉलेजचा असो की तिच्याखालच्या मायनर लीगमधला.

१. स्पिन रेट म्हणजे नेमकं काय मोजतात?

पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, बोटांतून सुटताना चेंडू स्वतःभोवती किती वेगाने फिरतो, ते. मिनिटाला किती फेरे, म्हणजे आरपीएम, अशा मापात तो सांगतात. मेजर लीगमधला सर्वसाधारण फोर-सीम (सर्वांत सरळ जाणारा) फास्टबॉल २,३०० आरपीएमच्या आसपास फिरतो. आकडा मोठा वाटतो, पण चेंडू मिनिटभर हवेत नसतो. ताशी ९४ मैलांनी सुटलेला चेंडू सुमारे ०.४ सेकंदात बॅटरसमोरच्या प्लेटपाशी येतो आणि तेवढ्यात त्याचे पंधराएक फेरे होतात.

२. समालोचक 'रायझिंग फास्टबॉल' म्हणतात. चेंडू खरंच वर चढतो का?

चढत नाही, अपेक्षेपेक्षा कमी पडतो. नुसत्या गुरुत्वाकर्षणावर सोडला तर ०.४ सेकंदात कुठलाही चेंडू आपल्या सरळ रेषेपासून साधारण ३१ इंच खाली येईल. फोर-सीमला बोटांनी उलटी फिरकी, म्हणजे बॅकस्पिन, मिळालेली असते. त्यामुळे चेंडूमागची हवा खाली ढकलली जाते आणि चेंडूला वरच्या दिशेने जोर मिळतो. हाच मॅग्नस परिणाम. क्रिकेटमध्ये लेगस्पिनरचा चेंडू हवेत तरंगत बाजूला सरकतो, त्यामागेही हेच बळ असतं.

मेजर लीगच्या सरासरी फोर-सीमचे या जोराने सुमारे १६ इंच वाचतात. या वाचलेल्या इंचांना 'इंड्युस्ड व्हर्टिकल ब्रेक' म्हणतात, पुढे मी त्याला नुसतं 'उभा ब्रेक' म्हणेन. बॅटरचा मेंदू सरासरी चेंडू हजारो वेळा बघून तयार झालेला असतो. एखाद्याचे १६ ऐवजी २० इंच वाचले, की बॅट चेंडूच्या खालून जाते. नियमाप्रमाणे बॅटची जाडी जास्तीत जास्त २.६१ इंच असते, म्हणून इथे एकेका इंचाला मोल आहे.

३. किती आरपीएम असले म्हणजे चांगले?

पिच (इथे खेळपट्टी नव्हे, टाकलेल्या चेंडूचा प्रकार) कोणती, हे कळल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. ढोबळ सरासरी अशा: फोर-सीम २,३००, सिंकर (खाली बसणारा फास्टबॉल) २,१०० ते २,२००, स्लायडर (वेगाने येऊन उशिरा वळणारा) २,४०० च्या पुढे, कर्व्हबॉल (वरून खाली वळणारा) २,५०० च्या पुढे, चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसणारा संथ चेंडू) १,७०० ते १,८०० आणि स्प्लिटर (दोन बोटं फाकवून धरलेला) १,४०० च्या आसपास.

फोर-सीम आणि कर्व्हबॉलच्या बाबतीत 'जास्त असेल तर बरं' हे बहुतेक वेळा खरं ठरतं. चेंजअप आणि स्प्लिटरचं उलट असतं. वर धरून ठेवणारा जोर नसेल तेवढा चेंडू प्लेटजवळ जास्त खाली बसतो, म्हणून तिथे कमी फिरकी हा गुण आहे. कर्व्हबॉलला २,८०० आणि फास्टबॉलला २,८०० या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. कर्व्हबॉलचं तेवढं आश्चर्य वाटत नाही, फास्टबॉलच्या २,८०० ला मात्र मी आधी यंत्र तपासायला सांगेन.

४. मुलगा पंधरा वर्षांचा आहे, फास्टबॉलचा स्पिन रेट १,९०० आला. कमी आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेकांची काळजी विनाकारण असते. फास्टबॉलचा वेग वाढला की स्पिन रेटही वाढतो, त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाची तुलना थेट मेजर लीगशी करता येत नाही. त्यासाठी स्पिन रेटला वेगाने भागतात. या गुणोत्तराला 'बावर युनिट' असं नाव पडलं आहे.

मेजर लीगची सरासरी: २,३०० भागिले ९४, म्हणजे सुमारे २४.५. तुमचा मुलगा ताशी ७८ मैलांनी टाकत असेल तर १,९०० भागिले ७८, म्हणजे २४.४. वेगाच्या मानाने त्याची फिरकी मेजर लीगच्या सरासरीइतकीच आहे. अंग भरेल तसा वेग वाढेल आणि आरपीएम त्याच्या मागोमाग वर जातील. हे गुणोत्तर २६ च्या पुढे असेल तर दखल घ्यावी. २२ च्या खाली असेल तर त्याने फोर-सीमच्या मागे लागावं की सिंकरकडे वळावं, याचा विचार सुरू करता येतो (प्रश्न ९).

५. हे सगळं मोजतात कशाने? प्रत्येक यंत्राचा आकडा सारखाच धरायचा का?

मेजर लीगमध्ये २००७ च्या सुमारास पिचएफएक्स नावाची कॅमेऱ्यांची यंत्रणा आली. ती चेंडूचा मार्ग बघायची आणि त्यावरून फिरकीचा अंदाज बांधायची. २०१५ मध्ये स्टॅटकास्ट सर्व ३० मैदानांवर आलं. त्यात ट्रॅकमॅन या डॅनिश कंपनीचं, मुळात गोल्फसाठी तयार झालेलं रडार होतं आणि ते स्पिन रेट थेट मोजायचं. २०२० पासून स्टॅटकास्ट हॉक-आयच्या कॅमेऱ्यांवर चालतं. क्रिकेटमध्ये पायचीतच्या निर्णयाला आपण ज्याच्याकडे डोळे लावून बसतो, तेच हे हॉक-आय. ते चेंडूवरच्या खुणा आणि शिवण बघतं, त्यामुळे फिरकीचा अक्षही थेट कळतो. हा बदल फार मोठा होता (प्रश्न १०).

शाळा-कॉलेजांत आणि खासगी प्रशिक्षण केंद्रांत सहसा रॅप्सोडो असतं, ते हलवता येण्याजोगं छोटं उपकरण आहे. ते नीट लावलेलं असेल तर त्याचा स्पिन रेट विश्वासार्ह असतो. पण दोन वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एका तक्त्यात बसवून पन्नास-साठ आरपीएमच्या फरकावर मत बनवू नका.

६. स्पिन रेट भरपूर आहे तरी चेंडू सरळच जातो. असं कसं?

कारण सगळी फिरकी कामी येत नाही, आणि या विषयात सर्वाधिक चुका इथेच होतात. चेंडू कोणत्या अक्षाभोवती फिरतो त्यावर सगळं अवलंबून आहे. अक्ष प्रवासाच्या दिशेला काटकोनात असेल तर सगळी फिरकी चेंडू वळवायला वापरली जाते. अक्ष प्रवासाच्याच दिशेत असेल, चेंडू बंदुकीच्या गोळीसारखा फिरत पुढे जात असेल, तर मॅग्नसचा जोर मिळतच नाही. या दुसऱ्या प्रकाराला जायरो स्पिन म्हणतात. प्रत्यक्षात प्रत्येक पिचमध्ये दोन्हींचं मिश्रण असतं. त्यातला उपयोगी वाटा टक्क्यांत सांगतात, तो 'ॲक्टिव्ह स्पिन'. रॅप्सोडोच्या रिपोर्टात तो 'स्पिन एफिशियन्सी' या नावाने दिसतो.

हिशेब करून बघा. एका मुलाचा फास्टबॉल २,६०० आरपीएम, ॲक्टिव्ह स्पिन ७५ टक्के: कामाचे १,९५०. दुसऱ्याचा २,३०० आणि ९५ टक्के: कामाचे २,१८५. रिपोर्टाच्या पहिल्या ओळीत पहिला मुलगा पुढे दिसतो, बॅटरला मात्र दुसऱ्याचा चेंडू 'चढताना' दिसतो. चांगल्या फोर-सीमचा ॲक्टिव्ह स्पिन सहसा ९० टक्क्यांच्या वर असतो. कटरला (किंचित बाजूला सरकणाऱ्या फास्टबॉलला) तो निम्म्याच्या आसपास असू शकतो आणि घट्ट, उशिरा वळणाऱ्या स्लायडरला ३०-४० टक्केही असतो. तो दोष नव्हे, स्लायडरला जायरोच हवा असतो. तिथे गुरुत्वाकर्षण आपलं काम करतं आणि फास्टबॉलची वाट बघणाऱ्या बॅटरचा अंदाज चुकतो.

एक खुशखबर अशी की ॲक्टिव्ह स्पिन सुधारता येतो. बोटं चेंडूच्या मागे राहण्याऐवजी बाजूने घसरत असतील तर फास्टबॉल नकळत कटरसारखा सुटतो. वेगवान कॅमेऱ्याने सुटण्याचा क्षण टिपून हे शिकवता येतं. म्हणून भरपूर स्पिन रेट आणि कमी ॲक्टिव्ह स्पिन असलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा दिसला की मी त्याच्या नावापुढे खूण करते. कच्चा माल त्याच्याकडे आहे, दिशा द्यायची बाकी आहे.

७. रिपोर्टात '१:१५' किंवा '१२:४५' अशी वेळ लिहिलेली असते. ती काय?

ती अक्षाची दिशा, घड्याळाच्या भाषेत सांगितलेली. पिचरच्या बाजूने बघताना फिरकी चेंडूला कुठे ढकलते, ते यावरून कळतं. १२:०० म्हणजे निव्वळ बॅकस्पिन, सगळा जोर वर. उजव्या हाताच्या पिचरला १:१५ आलं तर थोडा जोर वर आणि थोडा त्याच्या हाताच्या बाजूला. ६:०० म्हणजे निव्वळ टॉपस्पिन, वरून खाली कोसळणारा कर्व्हबॉल.

पारखताना एका पिचची वेळ सुटी बघू नका, जोडी बघा. फास्टबॉल १२:३० ला आणि कर्व्हबॉल ६:३० ला असेल तर बॅटरला दोन्ही बराच वेळ सारखेच फिरताना दिसतात, कारण अक्ष एकच आणि फिरण्याची दिशा उलटी असते. अशी जोडी ज्या मुलाकडे आहे त्याचा कर्व्हबॉल त्याच्या आरपीएमपेक्षा चांगला चालतो.

८. मग प्रॉस्पेक्टच्या रिपोर्टात आधी काय बघायचं?

फास्टबॉलसाठी माझा क्रम असा: वेग, उभा ब्रेक, चेंडू सुटण्याची उंची आणि शेवटी स्पिन रेट. स्पिन रेट हे कारणांपैकी एक आहे, उभा ब्रेक हा परिणाम. परिणाम मोजलेला समोर असताना कारणावरून तर्क करत बसण्यात अर्थ नाही. स्पिन रेटचा खरा उपयोग तिथून पुढे सुरू होतो, तो म्हणजे हा परिणाम अजून वाढेल का, हे ताडण्यासाठी (प्रश्न ६).

सुटण्याच्या उंचीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पालक आणि चाहते ती हमखास विसरतात. मेजर लीगचे बहुतेक पिचर जमिनीपासून पावणेसहा-सहा फुटांवरून चेंडू सोडतात. एखादा पाच-सव्वापाच फुटांवरून सोडत असेल आणि तरीही त्याचा उभा ब्रेक सरासरीइतका किंवा जास्त असेल, तर चेंडू प्लेटवर जास्त सपाट कोनातून येतो. स्ट्राइक झोनच्या (प्लेटवरच्या वैध पट्ट्याच्या) वरच्या भागात असा चेंडू मारणं फार अवघड.

स्पेन्सर स्ट्रायडर हे याचं ठळक उदाहरण. सहा फूट उंचीचा, क्लेमसन विद्यापीठात असताना कोपराची शस्त्रक्रिया झालेला हा पिचर २०२० च्या ड्राफ्टमध्ये अटलांटाने चौथ्या फेरीत घेतला. २०२२ मध्ये त्याने १३१ आणि दोन-तृतीयांश इनिंगमध्ये २०२ बॅटर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले. जो रायनचा वेग तर सुरुवातीच्या वर्षांत जेमतेम ९२ मैलांच्या घरातला. २०१८ ला सातव्या फेरीत निवडला गेलेला हा पिचर कमी उंचीवरून येणाऱ्या सपाट फास्टबॉलवर मेजर लीगमध्ये टिकला. नुसती आरपीएमची यादी उतरत्या क्रमाने लावली असती तर यातल्या कुणावरही बोट थांबलं नसतं.

९. स्पिन रेट कमी असलेल्या मुलाला भवितव्य नाही का?

आहे, फक्त वाट वेगळी. सरासरीच्या जवळ असलेला फास्टबॉल सर्वांत जास्त मार खातो. बॅटरने रोज तेच बघितलेलं असतं. सरासरीपासून दूर असणं फायद्याचं, मग ते वर असो की खाली. ज्याची फिरकी कमी आहे त्याने चेंडू खाली ठेवावा, सिंकर टाकावा, बॅटरकडून जमिनीलगत फटके काढून घ्यावेत.

काइल हेंड्रिक्सला २०११ मध्ये डार्टमथ कॉलेजातून आठव्या फेरीत निवडलं गेलं. ताशी ८८ मैलांच्या आसपासचा सिंकर आणि अप्रतिम चेंजअप यांच्या जोरावर २०१६ मध्ये त्याचा ईआरए (पिचरच्या खात्यावर दर नऊ इनिंगमागे लागलेल्या धावा, कमी तितकं चांगलं) २.१३ होता, त्या वर्षी संपूर्ण मेजर लीगमध्ये सर्वांत कमी. पॉल स्कीन्सचं उदाहरण याहून बोलकं आहे. एलएसयूमध्ये (लुइझियाना स्टेट विद्यापीठात) असताना त्याचा वेग शंभरीला टेकायचा, पण फास्टबॉलचा आकार, म्हणजे हवेतली वाट, सामान्य आहे, अशी शंका आकडे बघणाऱ्यांनी काढली होती. शंका निराधार नव्हती. तरी पिट्सबर्गने २०२३ मध्ये त्याला पहिल्याच क्रमांकावर घेतलं. पुढे त्याने सिंकर आणि स्प्लिटर यांच्या मधली एक वेगवान, खाली बसणारी पिच बनवली. २०२४ ला तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, ईआरए १.९६. फास्टबॉलच्या आकाराची उणीव नवी पिच भरून काढू शकते आणि ती पिच ड्राफ्टच्या दिवशी कुठल्याच रिपोर्टात नसते.

१०. स्पिन आणि अक्ष यांवरून काढलेला ब्रेक आणि प्रत्यक्षातला ब्रेक जुळत नाही. यंत्र चुकतंय का?

कदाचित, पण दरवेळी नाही. बेसबॉलवर १०८ दुहेरी टाके असतात. ठराविक पकडीत सोडलेल्या चेंडूची शिवण अशा जागी येते की तिथे हवेचा प्रवाह एका बाजूला लवकर सुटतो आणि चेंडू फिरकीने सांगितलेल्या वाटेपेक्षा वेगळीकडे जातो. याला 'सीम-शिफ्टेड वेक' म्हणतात. युटा स्टेट विद्यापीठातले बार्टन स्मिथ यांनी यावर पायाभूत काम केलं. हॉक-आयमुळे अक्ष थेट दिसू लागल्यावर हा परिणाम किती पिचरांच्या कामी येतो, ते उघड झालं.

चेंडूच्या शिवणीचं महत्त्व क्रिकेटवाल्यांना वेगळं सांगायला नको. प्रॉस्पेक्टच्या बाबतीत एवढं लक्षात ठेवा: सिंकर आणि चेंजअपमध्ये हा फरक दिसला तर ती जमेची बाजू. कमी आरपीएमचा सिंकर भरपूर हलताना दिसतो, तेव्हा बऱ्याचदा हेच कारण असतं.

११. स्पिन रेट सरावाने वाढवता येतो का?

फास्टबॉलचा फारसा नाही. वेग वाढला की आरपीएम वाढतात, पण वेगाशी असलेलं गुणोत्तर (प्रश्न ४) माणसागणिक बऱ्यापैकी ठरलेलं असतं. ड्राइव्हलाइनसारख्या प्रशिक्षण केंद्रांनी यावर खूप प्रयोग केले, कायदेशीर मार्गाने मोठा फरक पाडणं कठीणच निघालं. कर्व्हबॉल आणि स्लायडरला जास्त वाव आहे. तिथे पकड, मनगटाची ठेवण आणि चेंडू किती जोरात टाकायचा, यांत बदल करून दोन-तीनशे आरपीएम मिळवणारे असतात. वेग तोच असताना फास्टबॉलचा स्पिन रेट एका हिवाळ्यात २०० ने वाढलेला दिसला, तर पुढचा प्रश्न वाचा.

१२. २०२१ च्या चिकट पदार्थांच्या प्रकरणाचा प्रॉस्पेक्टशी काय संबंध?

फार जवळचा. चेंडूला परका पदार्थ लावायला नियमाने आधीपासून मनाई होती, अंमलबजावणी मात्र ढिली होती. सनस्क्रीन आणि रोझिन (राळेची पूड) यांचं मिश्रण तर होतंच, पुढे वजन उचलणाऱ्या खेळाडूंसाठी बनवलेला स्पायडर टॅकसारखा जबरदस्त चिकट लेपही आला. बोटांची पकड वाढली की वेग न वाढता फिरकी वाढते, म्हणजे जे गुणोत्तर बदलत नाही म्हटलं तेच बदलतं. २१ जून २०२१ पासून पंच पिचरच्या टोप्या, हातमोजे आणि पट्टे तपासू लागले आणि सापडल्यास दहा सामन्यांची बंदी लागू झाली. काही आठवड्यांत लीगच्या फोर-सीमची सरासरी शंभरेक आरपीएमने खाली आली.

मला हे प्रकरण मनापासून खटकतं, कारण नुकसान प्रामाणिक मुलांचं झालं. त्या वर्षांत मायनर लीगमध्ये किंवा कॉलेजात कोरड्या बोटांनी २,२५० काढणारा मुलगा मागे राहिला आणि लेप लावून २,५०० काढणारा पुढे गेला. म्हणून २०२१ च्या जूनआधीची नोंद मी स्वतंत्र ठेवते. त्यानंतरचे आकडे हाताशी असतील तर तेच वापरा.

१३. हायस्कूल, कॉलेज, मायनर लीग, जपान: सगळ्यांचे आकडे एकाच यादीत लावता येतील का?

चेंडूच वेगळे असतात, त्यामुळे जपून. हायस्कूलच्या चेंडूची शिवण उठावदार असते. एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) पहिल्या विभागाने २०१५ मध्ये कमी उंच शिवणीचा चेंडू स्वीकारला. ट्रिपल-ए मध्ये (मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पातळीत) २०१९ पासून मेजर लीगचाच चेंडू वापरतात, पण त्याखालच्या पातळ्यांचं तसं नाही. त्याच्या लगेच खालच्या डबल-एच्या सदर्न लीगमध्ये २०२३ च्या पूर्वार्धात आधीच थोडा चिकट केलेला चेंडू प्रयोग म्हणून दिला होता, तिथल्या त्या महिन्यांच्या नोंदी वेगळ्या काढून बघा. जपानमधला चेंडू हाताला जास्त चिकटतो, मेजर लीगचा गुळगुळीत असतो. त्याचा बुळबुळीतपणा घालवायला प्रत्येक सामन्याआधी डेलावेअर नदीच्या खोऱ्यातला चिखल चोळतात. जपानहून येणाऱ्या पिचरला पहिले काही महिने पकड जमत नाही, ती तक्रार खरी असते.

मैदानाची उंची हा वेगळा मुद्दा. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे ५,२०० फुटांवर आहे, तिथली हवा विरळ. स्पिन रेट तोच राहतो, ब्रेक मात्र जवळजवळ पाचव्या हिश्श्याने घटतो. कोलोरॅडो किंवा न्यू मेक्सिकोत खेळणाऱ्या मुलाचा उभा ब्रेक कमी दिसला तर आधी हे आठवा. इथे मात्र मी प्रश्न ८ मधला क्रम उलटा करते आणि स्पिन रेट व ॲक्टिव्ह स्पिन आधी बघते.

१४. किती पिचनंतर आकड्यावर विश्वास ठेवायचा?

स्पिन रेट लवकर स्थिरावतो आणि हे त्याचं मोठं बळ आहे. ईआरए किंवा स्ट्राइकआउटवरून काही म्हणायला महिने लागतात, फास्टबॉलचा स्पिन रेट दोन-तीन दिवसांच्या मोजणीत पुरेसा कळतो. पण बघायची ती सरासरी. शोकेसच्या (निवड करणाऱ्यांपुढे खेळ दाखवण्याच्या मेळाव्याच्या) पत्रकांवर 'सर्वाधिक' आकडा छापतात आणि पालक तोच पाठवतात. एका चेंडूचा उच्चांक मोजणीतली चूकही असू शकते.

१५. एरवीपेक्षा स्पिन रेट घसरला. दुखापतीची खूण आहे का?

घसरण कशी झाली, ते आधी बघा. वेगही त्याच प्रमाणात घसरला असेल तर थकवा असू शकतो. वेग तोच आणि फक्त आरपीएम कमी, तर बोटाला फोड, तुटलेलं नख, दमट हवा, नवा चेंडू किंवा चुकीच्या जागी लावलेलं उपकरण ही कारणं आधी तपासा. वेग घसरलाय, चेंडू सुटण्याची जागाही सरकलीय आणि मुलगा कोपर चोळतोय, तर आकडे बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी पिचिंग थांबवून डॉक्टरांना दाखवा.

१६. संघांनी स्पिन रेट बघून कुणाला शोधून काढलं, अशी खरी उदाहरणं आहेत का?

आहेत, आणि सुरुवातीची बरीचशी ह्यूस्टन ॲस्ट्रोजची. डिसेंबर २०१३ मध्ये कॉलिन मॅकह्यूला कोलोरॅडोने सोडून दिलं तेव्हा त्याच्या नावावर मेजर लीगमधला एकही विजय नव्हता. ह्यूस्टनला त्याच्या कर्व्हबॉलची फिरकी दिसली. सिंकर कमी, वरचा फोर-सीम आणि कर्व्हबॉल जास्त, असा बदल झाला आणि २०१४ मध्ये त्याचा ईआरए २.७३ होता. रायन प्रेसली जुलै २०१८ मध्ये मिनेसोटाहून ह्यूस्टनला आला. त्याचा कर्व्हबॉल ३,००० आरपीएमच्या वर फिरायचा. २०२२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शेवटचे बळी घ्यायला तोच उभा होता.

दोघेही वयाने प्रॉस्पेक्ट नव्हते, त्यांचे गुण फुकट चालले होते. आज सगळ्याच संघांकडे हीच माहिती आहे, त्यामुळे नुसत्या स्पिन रेटवर कुणी दुर्लक्षित रत्न सापडेल, ही शक्यता फार कमी झाली आहे. आता चढाओढ शिकवण्यात आहे: कुणाच्या फिरकीतून कोणती पिच घडवता येईल, हे आधी कुणाला दिसतं.

१७. मग स्काउटची गरज उरली का?

पूर्वीइतकीच. स्काउट (संघांसाठी खेळाडू पारखणारे) पिचरचे गुण २० ते ८० च्या मापावर देतात, ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी. फिरकीच्या बाबतीत यंत्र त्यांच्यापेक्षा अचूक आहे, वाद नाही. पण धावपटू दुसऱ्या बेसवर असताना मुलगा कसा टाकतो, मार खाल्ल्यावर पुढच्या इनिंगला कोणत्या चेहऱ्याने येतो, शिकवलेलं किती लवकर उचलतो, हे यंत्र सांगत नाही. आणि हवा तिथे चेंडू टाकता येणं, म्हणजे कमांड, हे स्पिन रेटमध्ये अजिबात दिसत नाही.

१८. बारा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला स्पिन वाढवायचे वर्ग लावावेत का?

माझं स्पष्ट मत, नाही. वाढत्या वयातलं कोपर आणि खांदा आधी. मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये पिचरांच्या दुखापतींवरचा अहवाल काढला, त्यात वेग, पिचचा 'दर्जा' आणि प्रत्येक चेंडूला पूर्ण जोर या तिन्हींच्या मागे धावणं हे प्रमुख कारण म्हणून मांडलं आहे आणि शाळकरी वयातही हेच चालल्याची चिंता व्यक्त केली आहे. 'पिच स्मार्ट' मार्गदर्शनात ११-१२ वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच आणि १३ ते १६ वर्षांसाठी ९५ पिच सांगितल्या आहेत, शिवाय विश्रांतीचे दिवस वेगळे. तेवढं कडकपणे पाळा. वर्षातून एकदा कुतूहल म्हणून स्पिन मोजायला हरकत नाही. दर आठवड्याला मोजून आकडा फ्रिजवर लावायला मात्र आहे.

१९. भारतातून कुणी पिचर या मापाने शोधला गेला आहे का?

रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोघे भालाफेकपटू २००८ मध्ये एका स्पर्धेतून पुढे आले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. तिथे बघितलं ते वेग आणि नेम. स्पिन रेटचा तेव्हा कुणी विचार करत नव्हतं. आज कुणी असा शोध पुन्हा घेतला तर माझी सूचना एवढीच की एक रॅप्सोडो सोबत न्या. वेग बऱ्यापैकी शिकवता येतो, फास्टबॉलची जन्मजात फिरकी शिकवता येत नाही (प्रश्न ११).

२०. दोघे एकोणीस वर्षांचे, दोघांचा वेग ९३. एकाचा स्पिन रेट २,६००, दुसऱ्याचा २,२००. कुणाला निवडाल?

एवढ्यावर कुणालाच नाही. बाकीचे आकडे द्या. समजा पहिल्याचा ॲक्टिव्ह स्पिन ७८ टक्के, अक्ष बाजूला कललेला, चेंडू सव्वासहा फुटांवरून सुटतो, उभा ब्रेक १४ इंच. दुसऱ्याचा ॲक्टिव्ह स्पिन ९८ टक्के, सुटण्याची उंची सव्वापाच फूट, उभा ब्रेक १७ इंच. कामाची फिरकी पहिल्याकडे सुमारे २,०३० आणि दुसऱ्याकडे सुमारे २,१६०. फास्टबॉल आज दुसऱ्याचा चांगला, यात मला शंका नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत मी त्यालाच घेईन.

पण पहिला आठव्या फेरीपर्यंत शिल्लक असेल तर त्याला हातचा जाऊ देणार नाही. ज्याची बोटं फास्टबॉलला २,६०० देतात त्याला कर्व्हबॉल किंवा स्लायडरलाही सहसा भरपूर फिरकी मिळते. आधी त्याच्या ब्रेकिंग पिचचे आकडे मागवीन. ते २,८०० च्या पुढे निघाले तर त्याचा फास्टबॉल मी सध्या आहे तसाच सोडेन आणि निम्म्याहून जास्त पिच स्लायडरच्या टाकायला लावीन.